तिसऱ्या तोडणीनंतरचा बेड

तिसरी तोडणी झाली की धिंगरी अळिंबीच्या (ऑयस्टर मशरूमच्या) बेडकडे, म्हणजे ती ज्या काड भरलेल्या पिशवीत वाढते तिच्याकडे, कुणी बघत नाही. त्याआधीचे दोन महिने त्याचं किती करावं लागतं! काड भिजवा, गरम पाण्यात निर्जंतुक करा, निथळा, थर देत अळिंबीचं बीज पेरा, अंधाऱ्या खोलीत टांगा. मग पांढरे तंतू कुठवर आले हे बघायला रोज टॉर्च घेऊन आत जायचं. शेवटची अळिंबी खुडली की तोच बेड एका दिवसात ओझं होतो. दोरीवरून उतरवायचा आणि टाकायचा. कुठे टाकायचा, हे मी धिंगरीचं काम सुरू केल्यावर पहिले सहा महिने स्वतःला विचारलंच नाही.

शेडच्या मागे मोकळी जागा होती. तिथे बेड जात होते, प्लॅस्टिकच्या पिशवीसकट, एकावर एक. आधी दहा होते, मग पन्नास, मग मोजणं सोडलं. आत खोलीत सगळं धुतलेलं, पुसलेलं, चपला बाहेर, हात साबणाने; आणि भिंतीच्या पलीकडे उकिरडा. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, असं तेव्हा वाटलं नव्हतं.

संबंध लागला तो चिलटांमुळे. वाढीच्या खोलीत अगदी बारीक, काळसर चिलटं दिसू लागली. पिवळे चिकट कागद टांगले, ते दोन दिवसांत भरून गेले. मग नव्या बेडवर हिरवे ठिपके आले. आधी पांढरा, कापसासारखा पुंजका दिसायचा, तो चार दिवसांत पोपटी आणि मग गडद हिरवा व्हायचा. ही ट्रायकोडर्मा. मातीत ती कामाची बुरशी आहे, अळिंबीच्या बेडमध्ये मात्र सगळा घास तीच पळवते. चाळीस बेडच्या एका लॉटमधले सतरा गेले. मी बीज पुरवणाऱ्याला दोष दिला, कधी काड जुनं असेल असं वाटलं, कधी पाणी नीट तापलं नसेल असं वाटलं. धाकटा भाऊ एका संध्याकाळी मागे जाऊन आला आणि म्हणाला, "ताई, आधी मागे चल. आतलं नंतर बघू."

त्याने ढिगाच्या मधली एक पिशवी ओढून कात्रीने चिरली. आत काड उरलंच नव्हतं. काळा, लिबलिबीत गोळा, त्यातून तपकिरी पाणी ओघळलं आणि सडक्या अंड्यांचा भपकारा आला. वरच्या पिशव्या कोरड्या होत्या. त्यांच्यावर हिरवी पावडर इतकी साचली होती की पिशवी हलवली तर धुरासारखी उडायची. ती पावडर म्हणजे बुरशीचे बीजाणू, आणि ते वाऱ्याबरोबर थेट आमच्या हवेच्या खिडकीकडे जात होते. चिलटांच्या अळ्या त्या ओल्या गोळ्यातच वाढत होत्या. आम्ही आत जितकी स्वच्छता पाळत होतो, तितकीच रोगाची पैदास बाहेर चालली होती. त्याच आठवड्यात शेजारच्या काकू दारात येऊन सांगून गेल्या, "तुमच्या ढिगामुळे आम्हाला मागची खिडकी उघडता येत नाही." त्यांचं म्हणणं खरं होतं. ऐकून वाईट वाटलं आणि त्या दिवसापासून हे काम मी अंगावर घेतलं.

पहिलं काम वजन करण्याचं. आमच्या बेडमध्ये साधारण सव्वा किलो कोरडं काड असतं. पाणी आणि बीज धरून भरलेला बेड चार किलोच्या आसपास जातो. वीस बेडच्या तिन्ही तोडण्या आणि शेवटी उरलेला चोथा असं सगळं वहीत मांडलं. एका बेडमागे सरासरी नऊशे ग्रॅम ताजी अळिंबी आणि मागे पावणेदोन किलो ओला चोथा. म्हणजे एक किलो अळिंबी विकली की जवळजवळ दोन किलो माल मागे राहतो. बटन अळिंबीत तर हे प्रमाण किलोला साधारण पाच किलो धरतात, कारण तिथे कंपोस्ट आणि त्यावर पसरलेला मातीचा थर, म्हणजे केसिंग, दोन्ही उरतात. ही बेरीज पहिल्यांदा कागदावर बघितली तेव्हा कळलं की वजनाने पाहिलं तर आपण मुख्यतः चोथाच तयार करतो आणि त्यासोबत थोडी अळिंबी.

हा चोथा नेमका काय असतो, हे समजून घेतल्याशिवाय पुढचं काही जमलं नसतं. काडात तीन मुख्य गोष्टी: सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि त्यांना बांधून ठेवणारं लिग्निन. लिग्निन फोडणं फार थोड्या जिवांना जमतं. धिंगरी त्यांपैकी एक. ती लॅकेजसारखी विकरं (एन्झाइम) बाहेर सोडते आणि ही बांधणी सैल करते. म्हणून तीन तोडण्यांनंतरचं काड हातात घेतलं की कुरकुरीत लागत नाही. स्पंजासारखं दबतं, बोटांत चुरडतं आणि ताज्या अळिंबीसारखा वास येतो. बराचसा कर्ब (कार्बन) वायू होऊन उडून गेलेला असतो, थोडा अळिंबीबरोबर गेलेला असतो. उरतं ते अर्धवट पचलेलं काड आणि त्यात विणलेले बुरशीचे तंतू. निम्मं काम आधीच झालेलं असतं. पण निम्मंच. उरलेलं निम्मं आपल्याला करावं लागतं, आणि माझ्या पुढच्या बहुतेक चुका ते निम्मं विसरल्यामुळे झाल्या.

आता आमच्याकडे एक नियम आहे आणि तो मी कुणासाठीही मोडत नाही: बेड खोलीतून ज्या दिवशी निघतो, त्याच दिवशी तो फोडायचा, आणि खोलीपासून लांब, वारा खोलीकडे वाहणार नाही अशा बाजूला. ज्या दिवशी रिकामे बेड हाताळायचे, त्या दिवशी शक्यतो नव्या बेडची पेरणी करायची नाही. एकाच माणसाने दोन्ही करायचं झालं तर पेरणी सकाळी, चोथा संध्याकाळी, आणि मध्ये अंघोळ, कपडे बदलणं. ऐकायला सोवळ्यासारखं वाटतं, पण हिरव्या बुरशीचं नुकसान यानेच सर्वांत जास्त कमी झालं.

फोडण्याआधी बेडवर पाणी मारते आणि तोंडाला चांगला मास्क लावते. धिंगरी फार बीजाणू सोडते. कोरडा बेड फोडला की ती पांढरी धूळ सरळ छातीत जाते. अळिंबी उत्पादकांना खोकला, दम, ताप असा त्रास होतो, त्याला वैद्यकात वेगळं नावच आहे: मशरूम वर्कर्स लंग. आमच्याकडे मदतीला येणाऱ्या एका बाईंना आठवडाभर सुका खोकला लागला, तेव्हापासून मास्कशिवाय कुणाला त्या जागेत जाऊ देत नाही.

मग प्लॅस्टिक. यात सगळ्यांत जास्त चिकाटी लागते. सुरुवातीला आम्ही पिशवी हाताने फाडायचो. अळिंबीसाठी भोकं पाडलेली असल्यामुळे ती हवी तशी फाटत नाही, तिचे तुकडे होतात, आणि बुरशीचे तंतू प्लॅस्टिकला आतून चिकटलेले असतात. तुकडा चोथ्यात हरवला की हरवलाच. पहिल्या खताच्या चाळणीवर मला नखाएवढे चकचकीत तुकडे दिसले. ते वेचत मी दोन दुपारी बसले, तरी सगळे निघाले नाहीत. ते खत मी कुणाला दिलं नाही, शोभेच्या झाडांनाही घातलं नाही. मातीत गेलेलं प्लॅस्टिक परत काढता येत नाही.

आता पद्धत अशी. धारदार ब्लेडने वरपासून खालपर्यंत एकच सरळ काप, तळाला वळसा, आणि मग पिशवी सालासारखी एका बाजूने सोलत न्यायची. बेड अगदी कोरडा नसेल तर ती अख्खी निघते. दोरी, रबर, कापसाचा बोळा वेगळ्या डब्यात. शेवटी हिशेब: आज चाळीस बेड फोडले तर चाळीस पिशव्या आणि चाळीस दोऱ्या दिसल्या पाहिजेत. एकोणचाळीस असतील तर कुणी घरी जात नाही.

सोलून झालेला चोथा आम्ही तीन जागी लावतो. पूर्ण पांढरा, घट्ट, चांगल्या वासाचा एकीकडे. जागोजागी हिरवा पडलेला दुसरीकडे. ओला, आंबट किंवा सडका तिसरीकडे. पांढऱ्याला अनेक वाटा आहेत. हिरव्याला एकच: तापणारा ढीग. सडका आधी पसरून हवा दाखवायची, कोरडं काड किंवा वाळली पानं मिसळायची आणि मग ढिगाच्या पोटात घालायचा. वेगळं करायला फार तर पंधरा मिनिटं जादा लागतात. एकदा सगळं मिसळलं की मात्र सगळ्याची किंमत तिसऱ्या ढिगाइतकी होते.

माझी पहिली मोठी चूक पांढऱ्या ढिगाबाबतच झाली. इतका सुंदर, भुसभुशीत माल. वाटलं, हा तर खतच आहे. टोमॅटोच्या रोपांच्या वाफ्यात एक भाग माती आणि एक भाग ताजा चोथा असं मिसळलं. शेजारच्या वाफ्यात नेहमीचं मिश्रण. बारा दिवसांत फरक दिसला. चोथ्याच्या वाफ्यातली रोपं खालच्या पानापासून पिवळी पडत गेली, खोड सुतळीसारखं बारीक राहिलं. रोग असेल म्हणून पानं उलटून बघितली, मुळं उकरली. मुळं पांढरी, निरोगी. मुळांभोवती मात्र पांढऱ्या तंतूंचं जाळं.

कारण साधं होतं, ते मला नंतर समजलं. काडात कर्ब भरपूर आणि नत्र (नायट्रोजन) अगदी कमी. धिंगरीने बराच कर्ब खाल्ला तरी उरलेल्या चोथ्यात नत्राच्या मानाने तो अजून जास्तच असतो. असा माल मातीत गेला की तो कुजवणारे जीव स्वतःच्या वाढीसाठी मातीतलाच नत्र उचलतात. रोपाच्या तोंडचा घास जातो. नत्र नष्ट होत नाही, काही काळ अडकून पडतो आणि पुढे परत मोकळा होतो. पण रोपाला तेवढा काळ थांबता येत नाही. त्या वाफ्याला पातळ केलेलं शेणपाणी दोनदा दिलं तेव्हा नवी पानं हिरवी आली, तरी ती रोपं शेवटपर्यंत मागेच राहिली. तेव्हापासून ताजा चोथा मुळांत मिसळायचा नाही. मातीवर पसरायचा असेल तर खुशाल पसरा.

तापणारा ढीग मला सर्वांत जास्त शिकवून गेला. चोथ्यात नत्र कमी, म्हणून त्याला ओलं गवत, शेण, भाजीपाल्याचा हिरवा पाला यांची जोड लागते. मी तीन घमेली चोथ्याला एक घमेलं शेण आणि एक घमेलं हिरवा पाला घेते. ढीग मीटरभर उंच आणि तितकाच रुंद तरी हवा, त्याहून लहान असला तर उष्णता धरत नाही. ओलावा मुठीत बघायचा: घट्ट दाबल्यावर बोटांच्या फटीत एखाद-दुसरा थेंब दिसावा. धार लागली तर जास्त ओलं, मूठ उघडताच भुगा सुटला तर कोरडं.

लांब दांड्याचा थर्मामीटर घेतला आणि रोज सकाळी मधोमध खुपसून वहीत आकडा लिहू लागले. पहिल्या दिवशी २९, दुसऱ्या दिवशी ४१, तिसऱ्या दिवशी ५४, चौथ्या दिवशी ६३. त्या सकाळी ढीग उकरला तेव्हा आतून वाफ आली आणि हात कोपरापर्यंत आत घालवेना. चिलटांच्या अळ्या, त्यांची अंडी आणि बहुतेक रोगट बुरशा ५५ अंशांवर दोन-तीन दिवस टिकत नाहीत. पण ही उष्णता पोटातच असते. कडेचा माल जेमतेम कोमट असतो. म्हणून उलथापालथ करताना कडेचं आत आणि आतलं कडेला, हे मी डोळ्यांत तेल घालून करते. आकडा खाली येऊ लागला की पलटायचं, पलटलं की तो परत चढतो. असं चार वेळा झालं आणि पाचव्या वेळी चढला नाही. त्यानंतर ढीग झाकून नुसता मुरू दिला. एकूण सत्तर दिवस लागले.

मध्ये एकदा ढिगावर नाजूक, राखाडी छत्र्या उगवल्या. सकाळी उभ्या, संध्याकाळी त्यांच्या टोप्या वितळून काळं, शाईसारखं पाणी. नत्र जास्त असला आणि अमोनिया पुरता गेला नसला की या शाईछत्र्या येतात. नाक जवळ नेलं तर खरंच डोळ्यांना झोंबणारा वास होता. शेण जास्त झालं होतं. कोरडा चोथा आणखी मिसळला, ढीग पलटला, वास गेला. ढिगाच्या कडेला धिंगरीही अधूनमधून फुटते. ती आम्ही खात नाही आणि विकत तर नाहीच. उघड्यावर त्यात दुसऱ्या कुठल्या जातीची अळिंबी मिसळेल याचा भरवसा नसतो, आणि अळिंबीच्या बाबतीत दिसायला सारखी म्हणजे खायला सारखी असं कधीच नसतं.

खत झालं की नाही हे ठरवायला मी मुळ्याच्या बिया वापरते. दोन ताटल्या, एकीत साधी माती, दुसरीत निम्मं खत. प्रत्येकीत वीस बिया. खत कच्चं असेल तर बी उगवतच नाही किंवा उगवून मूळ तपकिरी पडतं. दोन्हीकडे सारखी उगवण झाली, पानं सारखी हिरवी दिसली, की ते खत वापरायला काढते. प्रयोगशाळेत जायच्या आधी पाच दिवसांत घरबसल्या एवढं कळतं.

गांडुळांचं थोडं वेगळं आहे. त्यांना हा माल फार आवडतो. काड आधीच मऊ झालेलं असतं आणि त्यात बुरशीचे तंतू असतात, ते गांडुळं आवडीने खातात. पण पहिल्यांदा मी घाई केली. ढीग अजून कोमट असताना आयसेनिया फेटिडा जातीची गांडुळं सोडली. रात्री बघायला गेले तर ती टाकीच्या भिंतीवर रांगेने चढली होती, काही काठावरून बाहेर पडून जमिनीवर सुकली होती. त्यांना तिशीच्या पलीकडचं तापमान सोसत नाही. ते बघून मला फार लागलं, कारण ती चूक अगदी टाळण्यासारखी होती. आता आधी तीन आठवडे ढीग तापवून निवू देते, मग एका कोपऱ्यात मूठभर गांडुळं सोडते आणि रात्रभर वाट बघते. सकाळी ती आत गेलेली असली तर बाकीची सोडायची. महिन्याभराने वरचं गोणपाट उचललं की खाली चहाच्या भुकटीसारखे काळे, गोल दाणे दिसतात, आणि थोडं उकरलं की लालसर गुंतावळ. काडाचा एक तुकडा ओळखू येत नाही.

एका ओळखीच्या बटन उत्पादकाकडे चोथ्याची तीच अडचण होती, म्हणून त्यांच्याकडचा एक ट्रॉली माल आणून बघितला. तो माल वेगळाच. गडद तपकिरी, जड, खताचाच वास. त्यांचं कंपोस्ट काड, कोंबडीखत आणि जिप्समचं, त्यामुळे नत्र चांगला. माझ्या चोथ्यासारखा तो रोपांचा घास काढून घेत नाही. त्याचा दोष दुसरा आहे, क्षार. एक भाग चोथा दोन भाग पाण्यात ढवळून, गाळून क्षारांचं प्रमाण दाखवणारा ईसी मीटर बुडवला तर आकडा ५.८ आला. इतक्या क्षारात कोवळी रोपं पानांच्या कडांपासून करपतात. उपाय म्हणजे वेळ आणि पाणी. मी तो उघड्यावर, फुटापेक्षा कमी जाडीच्या थरात पसरला आणि पावसाला सात-आठ महिने खुशाल धुऊ दिला. शेवटी त्याच पद्धतीने मोजलं तर १.९. मात्र ते धुवून निघालेलं पाणी कुठे जातं याकडे लक्ष हवं. त्यात पोटॅश, नत्र, इतर क्षार सगळंच असतं. ते विहिरीत किंवा ओढ्यात उतरलं तर इकडचा कचरा तिकडे नेल्यासारखं होईल. मी उताराला चर खणून त्यात जाड्याभरड्या गवताची रांग लावली. ते गवत इतकं वाढलं की कापून परत ढिगात घालते. मुरलेला बटनचा माल कुंडीच्या मिश्रणात मी एक चतुर्थांशाहून जास्त घेत नाही, आणि आम्लधर्मी माती मागणाऱ्या झाडांना तो देतच नाही, कारण केसिंगमधल्या चुन्यामुळे तो विम्लतेकडे झुकतो. नीट मुरवून, निर्जंतुक करून हाच माल परत केसिंगसाठीही वापरतात. ते मी स्वतः केलेलं नाही.

केलेल्यातलं जे जमलं नाही तेही सांगते. जुना चोथा नव्या काडात मिसळून परत धिंगरी घ्यायचा प्रयत्न तीनदा केला. चौथा हिस्सा जुना, तीन हिस्से नवं काड, वर थोडा गव्हाचा कोंडा. पीक आलं, पण पहिली तोडणी नेहमीच्या दोन तृतीयांश आणि हिरवी बुरशी जास्त. जुन्या चोथ्यातलं सहज पचणारं अन्न संपलेलं असतं, हे त्यामागचं कारण. पूर्ण वाफेवर निर्जंतुक करायची सोय असलेल्यांना कदाचित परवडेल, मला परवडलं नाही. जनावरांना घालायचाही अनेकांनी सल्ला दिला. लिग्निन सैल झाल्यामुळे असं काड पचायला हलकं होऊ शकतं, हे खरं. पण ज्या मालात हिरवी किंवा काळी बुरशी असण्याची शक्यता आहे, तो मुक्या जनावरापुढे टाकायला माझं मन होत नाही. बुरशीची विषं डोळ्यांना दिसत नाहीत. वाळवून जाळणं तर मी पर्यायच मानत नाही. इतकं पाणी उडवायचं, भरपूर राख काढायची, आणि मातीत जाऊ शकला असता तो कर्ब धुरात घालवायचा.

एक प्रयोग मात्र केवळ आनंदासाठी केला. दुसऱ्या तोडणीनंतरचा, तंतू अजून जिवंत असलेला पांढरा चोथा कुस्करून, थोडा कोंडा मिसळून एका चौकोनी साच्यात दाबून भरला. पाच दिवसांत तो आपोआप पुन्हा जुळला, वर मखमलीसारखी पांढरी साय आली. मंद उष्णतेवर पूर्ण वाळवल्यावर थर्माकोलसारखा हलका ठोकळा हाती आला. बुरशीने शेतातला कचरा बांधून पॅकिंगचं साहित्य करायचं काम २००७ साली सुरू झालेली अमेरिकेतली इकोव्हेटिव्ह ही कंपनी करते. ते ताज्या कच्च्या मालावर करतात. माझा ठोकळा कोपऱ्यांवर ठिसूळ होता. तरी काचेच्या बाटल्या पाठवायला आम्ही तसे चार वापरले आणि बाटल्या धड पोचल्या.

सगळ्यांत सोपा आणि माझ्या मते सर्वांत कमी वापरला जाणारा उपयोग म्हणजे आच्छादन. ताजा पांढरा चोथा फळझाडांच्या आळ्यात, खोडापासून वीतभर अंतर सोडून, चार बोटं जाडीने पसरायचा. माती तापत नाही, तण दबतं, पाणी कमी लागतं. नत्राची ओढाताण फक्त मातीच्या वरच्या पातळ थरात होते, मोठ्या झाडाच्या मुळांना ती जाणवत नाही. पंधरा दिवसांनी आच्छादन उचललं तर चोथ्यातले पांढरे तंतू मातीच्या फटींत उतरलेले दिसतात. धिंगरीबद्दल एक गोष्ट वाचली तेव्हापासून मी ते तंतू वेगळ्याच नजरेने बघते. थॉर्न आणि बॅरन या कॅनडातल्या दोन संशोधकांनी १९८४ साली दाखवून दिलं की धिंगरीचे तंतू सूत्रकृमींना, म्हणजे धाग्यासारख्या सूक्ष्म कृमींना, विषाने लुळे पाडतात आणि मग त्यांच्या शरीरात शिरून त्यांना खातात. लाकडात नत्र इतका कमी, की ही बुरशी तो शिकारीतून मिळवते. चोथा पसरला की सूत्रकृमी संपले असं मी म्हणणार नाही. पण तो निर्जीव भुसा नव्हे, एवढं नक्की.

दोन वर्षांच्या वहीत आता असं दिसतं. निम्म्याहून जास्त चोथा आच्छादनात जातो, बराचसा तापणाऱ्या ढिगात आणि तिथून गांडुळांकडे. टाकून दिलेला, शून्य. चिलटं पूर्ण गेली नाहीत, पण चिकट कागद आता दोन दिवसांऐवजी तीन आठवड्यांनी बदलावा लागतो. शेजारच्या काकूंची खिडकी उघडी असते. त्यांनी मागच्या वेळी दोन पोती खत मागून नेलं आणि कुंड्या बघायला बोलावलं.

सुटत नाही ते प्लॅस्टिक. पिशव्या अख्ख्या निघतात, धुतो, वाळवतो, बांधून ठेवतो. पण आतून तंतू चिकटलेली पातळ पिशवी भंगारवाले नको म्हणतात. एका कोनाड्यात गठ्ठे वाढत चालले आहेत. चोथ्याचं इतकं सगळं करून शेवटी हे ढीग उरणार असतील, तर काम अर्धंच झालं. म्हणून या वेळी पिशव्या सोडून झाकणाच्या बादल्या घेतल्या आहेत. बाजूला भोकं पाडली, त्यांवर सच्छिद्र टेप लावली, काड आणि बीज नेहमीसारखं थरांनी भरलं. पीक संपलं की बादली पालथी घालायची, चोथा एका झटक्यात बाहेर, बादली धुऊन परत वापरायची. सहा बादल्या खोलीत एका ओळीत ठेवल्या आहेत. आज अठरावा दिवस. आज सकाळी फवारणी करताना तिसऱ्या बादलीच्या खालच्या भोकात टाचणीच्या डोक्याएवढे राखाडी ठिपके दिसले. टॉर्च जवळ नेऊन मोजले, अकरा होते.